‘येईल खाली’ या वाक्याला तारीख द्या: आरोग्य विभागाला खुलं पत्र

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभागातील अधिकारी आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम राबवणारे सर्वजण,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. घरी एका पत्र्याच्या पेटीत मुलाचे सगळे कागद जपून ठेवले आहेत. त्यातला सर्वांत जुना कागद म्हणजे त्याचं डिस्चार्ज कार्ड. मुलगा आठव्या महिन्यातच झाला, वजन १,९०० ग्रॅम. अठरा दिवस विशेष नवजात काळजी कक्षात काचेच्या पेटीत होता. घरी सोडताना सिस्टरांनी सगळं समजावून सांगितलं: अंगाशी धरून ऊब कशी द्यायची, किती वेळाने पाजायचं, डोळ्यांच्या तपासणीला कधी आणायचं. डोळ्यांच्या तपासणीची तारीख कार्डावर लाल पेनाने गोल करून दिली होती आणि आम्ही ती चुकवली नाही.

त्याच कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात, सहीच्या वर, घाईघाईत लिहिलेली पाच इंग्रजी अक्षरं आहेत: ‘आरटी यूडीटी’. त्यांचा अर्थ मला सहा वर्षांनी कळला. उजवं वृषण उतरलेलं नाही, एवढाच तो अर्थ.

म्हणजे ज्यांना कळायला हवं होतं त्यांना ते पहिल्या तीन आठवड्यांतच कळलं होतं. आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि पुढे ज्या ज्या हातांतून ते कार्ड गेलं त्यांतल्या कुणी ते वाचलं नाही. म्हणून हे पत्र. मुलगा आता तेरा वर्षांचा आहे. त्याला विचारूनच लिहिते आहे, आणि नाव घालायचं नाही असं आमचं दोघांचं ठरलं आहे.

घरात ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली ती सासूबाईंच्या. बाळाला तेल लावून न्हाऊ घालायचं काम त्यांनीच केलं. दीड-दोन महिन्यांचा असताना एकदा पायांवर आडवं घेऊन मालीश करता करता त्या थांबल्या. म्हणाल्या, “सूनबाई, ह्याची एका बाजूची गोटी हाताला लागत नाही गं.” मी हात लावून पाहिला. डावी बाजू भरलेली आणि उजवीकडची पिशवी सपाट, सुरकुतलेली. आशाताई आल्या तेव्हा त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, “अहो मॅडम, दिवस पुरे न भरलेलं बाळ आहे. येईल खाली हळूहळू.”

त्या दिवशी आशाताईंचं चुकलं नव्हतं, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. वृषणं तयार होतात पोटात, मूत्रपिंडांच्या जवळ. गरोदरपणाच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत ती जांघेतल्या वाटेने खाली पिशवीत उतरतात. बाळ आधीच जन्मलं की हा प्रवास अर्धाच राहतो. पूर्ण दिवसांच्या शंभर मुलग्यांत साधारण तिघांचं एखादं वृषण जन्मतः खाली आलेलं नसतं. कमी दिवसांच्या मुलांत हे प्रमाण शंभरात तीसपर्यंत जातं. त्यांतली बहुतेक पहिल्या काही महिन्यांत आपोआप उतरतात. एक वर्षाला पोचेपर्यंत शंभरात एखादंच मूल उरतं. त्यामुळे दोन महिन्यांच्या बाळासाठी ‘थांबा’ हाच बरोबर सल्ला होता.

पण किती थांबायचं? ‘येईल खाली’ या वाक्याला तारीख नव्हती. डोळ्यांच्या तपासणीला होती, लसींना होती, या एका गोष्टीला नव्हती. आणि अशी तारीख आहे. सहा महिने. बाळ सहा महिन्यांचं झालं (कमी दिवसांचं असेल तर डॉक्टरांनी आधी दिलेल्या अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपासून मोजून सहा महिने) आणि वृषण खाली आलेलं नसेल, तर त्यानंतर ते आपोआप येण्याची शक्यता फारच थोडी. तेव्हा सर्जनकडे जायचं. शस्त्रक्रिया सहा ते बारा महिन्यांच्या दरम्यान व्हावी, आणि काहीही झालं तरी दीड वर्षाच्या पुढे जाऊ नये, असं आज जगभरचे बालशल्यचिकित्सक सांगतात. पूर्वी पाच-सहा वर्षांपर्यंत थांबायला सांगत. त्या काळात शिकलेले कितीतरी डॉक्टर आजही प्रॅक्टिस करताहेत आणि तेच सांगताहेत. आम्हालाही एका डॉक्टरांनी “शाळेत जाऊ लागला की बघू” असं सांगितलं होतं. चौथ्या वर्षी. तोपर्यंत मुळात दोन-अडीच वर्षं उशीर झालेलाच होता.

घाई का करायची, हे मला सर्जननी नंतर कागदावर चित्र काढून समजावलं. पिशवीतलं तापमान शरीराच्या आतल्यापेक्षा दोन-चार अंशांनी कमी असतं, आणि वृषणाला तेवढा गारवा लागतो. पुढे ज्या पेशींपासून शुक्राणू तयार होतात त्या पेशी पहिल्याच वर्षात पक्व व्हायला सुरुवात होते. वृषण वर उबेत अडकलेलं असेल तर त्या हळूहळू कमी होत जातात, आणि गेलेल्या परत येत नाहीत. एकाच बाजूचं असेल तर बहुतेक मुलं मोठेपणी बाप होतात. दोन्ही बाजूंचं असेल आणि उशीर झाला तर अडचण मोठी. दुसरी गोष्ट कर्करोगाची. स्वीडनमध्ये सुमारे १७,००० पुरुषांचा अभ्यास झाला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. ज्यांची शस्त्रक्रिया तेराव्या वर्षाआधी झाली त्यांना वृषणाच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या दुपटीहून थोडा जास्त होता. तेरानंतर झालेल्यांत तो पाचपटीहून अधिक. हा कर्करोग मुळातच विरळा आहे, म्हणून कुणी घाबरून जाऊ नये. पण वेळेवर केलेल्या कामाने धोका कमी होतो हे त्या आकड्यांत स्वच्छ दिसतं.

आता तुमच्या कार्यक्रमाविषयी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. माझा मुलगा तेव्हा रांगत होता. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत वर्षातून एकदा तुमचं पथक येतं. शिक्षिका म्हणून मी ते दरवर्षी पाहते आणि मनापासून सांगते, हे पथक नसतं तर माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या हृदयातलं छिद्र कुणाला कळलंच नसतं. तिची शस्त्रक्रिया मोफत झाली. ती आता कबड्डी खेळते. त्यामुळे हे पत्र राग काढण्यासाठी लिहिलेलं नाही. ज्या कार्यक्रमाने तिला वाचवलं त्याच कार्यक्रमाच्या चाळणीतून माझा मुलगा दहा-अकरा वेळा खाली गळला, याचं मला दुःख आहे.

दहा-अकरा वेळा. उंची, वजन, दंडाचा घेर, दात, डोळे, नखं, जिभेचा रंग. प्रत्येक वेळी कार्डावर बरोबरची खूण. बेंबीच्या खाली कुणी पाहिलं नाही, कारण तिथे पाहायला सांगणारा रकानाच नाही. तुमच्या ३० आजारांच्या यादीत जन्मजात दोष नऊ आहेत: मज्जारज्जूच्या नलिकेतले दोष, डाउन सिंड्रोम, दुभंगलेले ओठ-टाळू, वाकडी पावलं, खुब्याच्या सांध्याचा दोष, जन्मजात मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयदोष आणि कमी दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांतल्या पडद्याचा विकार. एकही वगळण्यासारखा नाही. पण मुलग्यांमध्ये इतक्या सर्रास आढळणारी, नुसत्या हाताने कळणारी आणि एका शस्त्रक्रियेत निकालात निघणारी ही गोष्ट त्या नऊंत नाही.

काही पथकं यादीत नसतानाही हे पाहतात, हे मला ठाऊक आहे. उपजिल्हा रुग्णालयांतल्या शिबिरांत हर्निया आणि हायड्रोसील (वृषणाभोवती पाणी साचणं) यांच्याबरोबर न उतरलेल्या वृषणाच्या शस्त्रक्रियाही होतात. त्या डॉक्टरांचे उपकार आहेत. पण त्या शिबिरात टेबलावर येणारी मुलं किती वर्षांची असतात ते एकदा तुमच्याच नोंदींत पाहा. माझा मुलगा सहा वर्षांचा होता.

त्याचं असं झालं. एका संध्याकाळी खेळून आला आणि जांघेत दुखतंय म्हणाला. उजवीकडे लिंबाएवढा फुगवटा. तालुक्याच्या गावी दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, हर्निया आहे, आणि या बाजूची गोटी जागेवर नाही. (ही दोन दुखणी बरेचदा जोडीने येतात, वृषण उतरतं ती वाट बंद व्हायची राहून जाते आणि त्यातून आतडं खाली सरकतं.) मग सोनोग्राफी. एकीत वृषण ‘दिसत नाही’, दुसरीत ‘जांघेत असावे’. मग हार्मोनच्या इंजेक्शनांचा कोर्स सुचवला गेला. यात चार महिने गेले. शेवटी शहरातल्या बालशल्यचिकित्सकांकडे पोचलो तेव्हा त्यांनी सोनोग्राफीचे कागद बाजूला ठेवले. म्हणाले, यात सोनोग्राफीवर विसंबता येत नाही आणि इंजेक्शनांचा भरवसा नाही, म्हणून दोन्ही करू नयेत असंच आता सांगितलं जातं.

त्यांनी मुलाला कसं तपासलं ते माझ्या डोळ्यांसमोर आहे. आधी गरम पाण्याने हात धुतले, एकमेकांवर चोळले. गार हात लागला की वृषण वर पळतं, म्हणाले. मुलाला टेबलावर निजवून शाळेतल्या गप्पा काढल्या. मग बोटांना थोडा साबण लावून कमरेच्या हाडापासून जांघेवरून हात सावकाश खाली ओढत आणला, आणि दुसऱ्या हाताची बोटं खाली पिशवीपाशी वाट बघत ठेवली. मध्येच थांबले. माझा हात धरून त्या जागी ठेवला. कातडीखाली वाटाण्याएवढं काहीतरी बोटाखालून निसटलं. सगळं मिळून दोन मिनिटं.

पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. तासाभराचं काम. सकाळी दाखल, संध्याकाळी घरी. जांघेत एक छोटी चीर, पिशवीवर दुसरी. हर्नियाही त्याच वेळी बंद केला. पंधरा दिवस सैल चड्डी, महिनाभर सायकल बंद. मी बाहेर पडताना विचारलं, डॉक्टर, उशीर झाला का? त्यांनी खोटं सांगितलं नाही. म्हणाले, “डाव्यापेक्षा लहान राहिलंय. डावं चांगलं आहे, त्यामुळे काळजी करू नका. पण बाई, हा मला नऊ-दहा महिन्यांचा असताना भेटायला हवा होता.”

नऊ-दहा महिन्यांचा असताना तो गोवरची लस घ्यायला उपकेंद्रात माझ्या मांडीवर होता.

म्हणून माझं मागणं सोपं आहे. नवीन माणसं नेमू नका, नवीन गाडी घेऊ नका. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या डोसांना पेंटा लसीचं इंजेक्शन मांडीत देतात. लंगोट त्या वेळी सैल केलेलाच असतो. बाळ उघडं, आई समोर, सिस्टर वाकलेल्या. सिरिंज भरायच्या आधी तिथे हात लावून पाहायला अर्धं मिनिट पुरेल. साडेतीन महिन्यांना एखादं खाली नसेल तर कार्डावर लिहा. सहाव्या महिन्यात पुन्हा पाहा. २०१८ पासून आशाताईंच्या गृहभेटी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या महिन्याला ठरलेल्याच आहेत. तेव्हाही नसेल तर त्याच दिवशी चिठ्ठी द्या. आणि ते मराठीत लिहा, आईला वाचता येईल असं. ‘उजवं वृषण खाली आलेलं नाही, सहा महिने पूर्ण होताच सर्जनला दाखवा.’ माझ्या कार्डावर त्या पाच अक्षरांऐवजी हे एक वाक्य असतं तर मी पायी चालत गेले असते.

एक गोष्ट मात्र सहा महिन्यांपर्यंतही थांबायची नाही. नवजात बाळाच्या दोन्ही बाजूंना हाताला काहीच लागत नसेल, किंवा एखादं लागत नसून लघवीचं छिद्रही जागेवर नसेल, तर त्याच वेळी मोठ्या रुग्णालयात तपासण्या व्हायला हव्यात. दोन्ही बाजू रिकाम्या असलेलं, मुलगा वाटणारं बाळ क्वचित मुलगी असतं आणि तिला अधिवृक्क ग्रंथींचा, म्हणजे मूत्रपिंडांच्या वर असणाऱ्या ग्रंथींचा, आजार असतो. त्यात शरीरातलं मीठ झपाट्याने कमी होऊन पहिल्या काही आठवड्यांतच जीव जाऊ शकतो. प्रसूती होते तिथल्या प्रत्येक सिस्टरला हे माहीत असायला हवं.

आशांवर आणि नर्सताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे, हे मी रोज बघते. रजिस्टरं, ॲप, सर्वेक्षणं, आणि थकलेलं मानधन. त्यांना आणखी एक काम सांगताना मला संकोच वाटतो. पण हे कितीसं काम आहे पाहा. तीस हजार वस्तीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वर्षाला साधारण साडेचारशे बाळं जन्मतात. त्यांतले सव्वादोनशे-अडीचशे मुलगे. जन्मतः सात-आठ जणांचं वृषण खाली नसेल, आणि वर्षअखेर शस्त्रक्रियेला पाठवायला उरतील दोन-तीन. एका केंद्राला वर्षात दोन-तीन मुलं शोधायची आहेत. आणि ‘आशांना हे जमेल का’ असं ज्यांना वाटतं त्यांना गडचिरोलीची आठवण करून द्यावीशी वाटते. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या आरोग्यदूत बायांना नवजात बाळाचा न्यूमोनिया ओळखायला आणि उपचार द्यायला शिकवलं. त्यातूनच देशभर घरोघरी नवजात बाळसेवा उभी राहिली. न्यूमोनिया ओळखणाऱ्या हाताला गोटी नक्की सापडेल.

शाळेत हे का होत नाही, हे शिक्षिका म्हणून मला नीट कळतं. सातवीतल्या मुलाला शाळेच्या खोलीत चड्डी उतरवायला कोण सांगणार, आणि सांगावं तरी का? मुलाची लाज आहे, पालकांची संमती आहे, आणि कुणाच्याही मनात शंका येऊ शकते. मोठ्या मुलांची ही तपासणी आईवडिलांसमोर, बंद खोलीत, डॉक्टरनेच करावी. पण तान्ह्या बाळाला लाज नसते. ज्या वयात उपचाराचा खरा उपयोग होतो त्याच वयात तपासणी सगळ्यांत सोपी आहे. ते वय हातातून जाऊ देऊन आपण मुलाला लाज कळायची वाट का बघतो?

लाजेने आमच्याही घरात मुक्काम केला होता. सासूबाई म्हणाल्या होत्या, बाहेर कुणाला सांगू नको, उद्या लग्नाच्या वेळी लोक नावं ठेवतील. एरंडेल लावून खाली ओढून बघ, असा सल्ला एका नातेवाईक बाईंनी दिला. (असं कुणीही करू नका, मालिशीने वृषण उतरत नाही आणि ओढाताणीने इजा होते.) मला स्वतःला कितीतरी रात्री वाटत राहिलं की माझ्याच गरोदरपणात काहीतरी कमी पडलं. यातलं निम्मं ओझं, कुणी पांढऱ्या कोटातल्या माणसाने एकदा सरळ ‘हे बऱ्याच बाळांना असतं, यात तुमची चूक नाही’ एवढं म्हटलं असतं तर उतरलं असतं.

मग प्रश्न राहतो शस्त्रक्रियेचा. वर्षाच्या आतल्या बाळाला भूल देणारे तज्ज्ञ प्रत्येक तालुक्यात असणार नाहीत, हे मान्य. म्हणून तर आजही ‘थोडा मोठा होऊ दे’ म्हणून परत पाठवतात. पण प्रत्येक जिल्ह्यासाठी एक ठिकाण आणि महिन्यातला एक दिवस ठरवता येईल. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातून बालशल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ त्या दिवशी यावेत, किंवा पथकाच्या गाडीने बाळांना तिकडे न्यावं. आईला चिठ्ठीसोबत तो दिवस कळला पाहिजे. नाहीतर चिठ्ठी ओच्यात बांधून ती घरी जाईल आणि चिठ्ठी तिथेच राहील.

माझ्या मुलाची शस्त्रक्रिया झाली म्हणून विषय संपलेला नाही. वयात आलेल्या अशा मुलाने महिन्यातून एकदा अंघोळीच्या वेळी स्वतः हात लावून बघायचं असतं, गाठ किंवा कडकपणा वाटतोय का ते. गेल्या दिवाळीत त्याच्या बाबांनी त्याला ते शिकवलं. मी दाराबाहेर उभी होते. आत बापलेक काहीतरी हळू बोलत होते.

मागच्या महिन्यात आमच्या शाळेच्या शेजारच्या उपकेंद्रात लसीकरण होतं. वस्तीवरची एक मुलगी, माझीच जुनी विद्यार्थिनी, साडेतीन महिन्यांच्या बाळाला घेऊन आली होती. मी सिस्टरना सहज म्हटलं, इंजेक्शन देताना जरा खाली हात लावून बघता का? त्यांनी दोन्ही तळवे एकमेकांवर चोळले आणि पाहिलं. डावी लागली, उजवी लागेना. कार्डावर लिहायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी समासात आडवं लिहिलं: ‘उजवी गोटी लागत नाही. सहा महिने झाले की परत बघणे.’ खाली तारीख टाकली. पोरीने ते तिथेच उभ्या उभ्या मोठ्याने वाचलं आणि विचारलं, “म्हणजे दिवाळीच्या आधी ना, सिस्टर?”

आपली,
एक आई आणि शिक्षिका